आधी चोर, मग चोरी

मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली चौतीस वर्षं मी एक शब्द वर्गात उच्चारला नाही. धड्यात आला तर दुसरा वापरून पुढे गेलो. मुलांना वाटायचं, सरांना घाई आहे. घाई कसली बोडक्याची, लाज होती. ज्या माणसामुळे ती लाज वाटते त्या राठोड मास्तरांविषयी मी आजवर एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसलो की स्वतःचंच थोबाड समोर येतं आणि हात आखडतो. आज ठरवून बसलोय.

सत्तावन्न साली मी ढाणकीच्या शाळेत लागलो. उमरखेड तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. विदर्भ नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता आणि शाळांचे सगळे कागद नव्याने तपासले जात होते. मी अमरावतीचा, बी.ए., इंग्रजी घेऊन. गावात माझ्याखेरीज दुसरा बी.ए. नव्हता, हे मी पहिल्या आठवड्यातच चार जणांना ऐकवलं होतं. शाळेत इंग्रजीचे आम्ही दोघं. दुसरे राठोड मास्तर. इंटर झालेले, वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, सात वर्षं त्याच शाळेत आणि सातही वर्षं टेंपररी. धोतर, वर बंद गळ्याचा कोट, डोक्याला पांढरा पटका. स्कूलला इस्कूल म्हणत. मला हसू यायचं आणि ते मी लपवतही नसे.

हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की इंग्रजीची कायम जागा एकच मंजूर होणार आहे. इन्स्पेक्टर साहेब येतील, दोघांचे वर्ग पाहतील आणि शेरा मारतील. ज्याची जागा होणार नाही त्याला जावं लागेल. हे मला ठाऊक होतं आणि राठोड मास्तरांनाही. ते त्याविषयी कधी बोलले नाहीत. मी मात्र आतून रोज त्याच हिशेबात असायचो.

मास्तर चुकीवर लाल रेघ मारत नसत. त्यांच्या वर्गात एका मुलाने लिहिलं होतं, 'टेलर टेल्स द शर्ट'. म्हणजे शिंपी सदरा शिवतो. वर्ग हसला. मी शेजारच्या वर्गातून ऐकत होतो. लाकडी फळीची भिंत ती, सगळं ऐकू यायचं. मास्तर म्हणाले, "हसू नका रे. टीचर टीच करते, सिंगर सिंग करते, मंग टेलरनं काय पाप केलं? पोट्ट्यानं नियम बराबर लावला. शब्द अजून जन्मला नाही, एवढंच." आणि त्याला अर्धा मार्क दिला. वर एका वहीत तो शब्द, पुढे मुलाचं नाव, गाव आणि तारीख. असल्या न जन्मलेल्या शब्दांची त्यांची वही होती. कोणी विचारलं तर म्हणत, "गरज पडली का येते बाहेर. तवा बाप कोण, हे माहीत पाह्यजे ना."

मला हा पोरखेळ वाटायचा. अर्ध्या मार्काने मुलं मॅट्रिक होणार होती का? पण खरं सांगायचं तर पोटात दुखायचं ते वेगळ्याच कारणाने. माझ्या वर्गात मी इंग्रजासारखे उच्चार करून कविता म्हणायचो आणि मुलं जांभया द्यायची. भिंतीपलीकडे हास्याची लाट उठायची, आणि माझी मुलं कान त्या फळीला लावून बसायची.

शब्द कसा होतो याचं त्या माणसाला वेड होतं. बाजाराच्या दिवशी ते कापसाच्या अडत्याच्या दुकानाशी उभे राहायचे. तिथे नागपूरचं एक इंग्रजी वर्तमानपत्र यायचं, अडत्या भाव तेवढे बघायचा. त्याचं झालं की मास्तर ते उभ्याउभ्या वाचायचे. पेपर परत द्यावा लागे, म्हणून नवा शब्द तळहातावर पेनाने लिहून आणत. सोमवारी शाळेत आले की डावा हात निळा. "पाठक सर, हे पाहा," म्हणून हात पुढे करायचे. मी पाहायचो आणि "हं" म्हणायचो.

एकदा आम्ही उमरखेडला मोटारीने जात होतो. गाडीत चेंगराचेंगरी, मांडीवर कोणाची तरी कोंबडी. मास्तर खुशीत. म्हणाले, "सर, मूळ शब्द ऑम्निबस. लॅटिन हाय. त्याचा अर्थ सगळ्यायसाठी. लोकायले लांब वाटला, त्यायनं मुंडकं तोडून टाकलं. राह्यलं नुसतं शेपूट, बस. त्या शेपटावर बसून आपुन उमरखेडले जाऊन राह्यलो." कोंबडीवालाही हसला. मग त्यालाच त्यांनी विचारलं, परीक्षेत दरवर्षी नापास होतो त्याला तुमच्या गावात काय म्हणता? तो म्हणाला, "फेल्या." मास्तर माझ्याकडे वळले. "पाहा, अंग इंग्रजाचं अन् शेपूट वऱ्हाडी. कोणं शिकवलं येले? कोणीच नाही."

ते बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे. त्यांचे आजोबा लदेणी करत, म्हणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या लादून मुलुखभर पोचवत. आता घरची चार एकर कोरडवाहू होती, कापूस आणि तूर. इंग्रजीत आपले शब्द कसे गेले हे शिकवताना ते आजोबांना मध्ये आणत. "मीठ गेलं का मिठाचं नाव संगं जाते. बैल का नावाचं वजन घेते? इंग्रजानं लूट नेली, तवा लूट हा शब्दही घेऊन गेला. माल वापस येत नाही, निदान शब्द तरी डिक्शनरीत पाहून घ्या, आपलाच हाय." मुलं हे घरी जाऊन सांगत. मला गावातला एक सावकार म्हणाला होता, तुमचे ते राठोड मास्तर भारी हुशार. मी म्हटलं होतं, हो, थोडे विनोदी आहेत.

एका रविवारी त्यांनी मला जेवायला नेलं. गावाबाहेर दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. वहिनी चुलीपुढे. आपसात ते त्यांच्या तांड्याच्या गोरबोलीत बोलत, माझ्याशी दोघं वऱ्हाडीत. मास्तरांनी वहिनींना समजावलं की इंग्रज लोक कधीकधी सकाळचं आणि दुपारचं खाणं एकदमच करतात आणि ब्रेकफास्ट व लंच हे दोन शब्द कापून, जोडून ब्रंच म्हणतात. वहिनींनी तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाल्या, "आमचं तं रोज तेच होते. तुमाले इस्कूलची घाई अन् मले वावराची. त्याले न्याजेवन म्हना." मास्तर उठून आत गेले आणि वही घेऊन आले. न्याहारी अधिक जेवण, खाली बायकोचं नाव, तारीख. वहिनी मला म्हणाल्या, "सर, यायले कायम करतीन ना जी? सात वर्स झाले. लेकरं मोठे होऊन राह्यले." त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. मी म्हटलं, करतील, का नाही करणार. भाकरी झणझणीत ठेच्याबरोबर मी तीन खाल्ल्या.

शाळेत मोठी डिक्शनरी एकच होती. ती हेडमास्तरांच्या कपाटात असायची. एम.ए.चा अभ्यास करायचा म्हणून मी ती खोलीवर नेली आणि तीन महिने ठेवून घेतली. मास्तरांनी दोनदा विचारलं, "सर, तुमचं झालं का द्याल. घाई नाही." दोन्ही वेळा मी म्हटलं, झालंच आता. झालं काहीच नव्हतं. पुष्कळ दिवस मी ती उघडलीही नव्हती. त्यांच्या हाती जाऊ नये एवढंच होतं. एवढा कोता होतो मी.

इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात मास्तर नववीला बर्गलर शिकवत होते. फळीतून मी ऐकलं. बर्गलर म्हणजे घरफोड्या. "आपल्याकडं आधी घर फोडणं होतं, फोडणारा मागून आला, म्हणून घरफोड्या. इंग्रजाचं उलटं पाहा. त्यायच्याकडं आधी चोर आला. बर्गलर शब्द शेकडो वर्सं होता, पण तो करते काय, याले शब्दच नव्हता. मंग कोणीतरी त्याचं शेपूट कापलं, अन् झालं बर्गल. घरफोडी करणं. आधी चोर, मंग चोरी." वर्ग खदखदून हसला. मग वाक्य दिलं, 'द थीफ बर्गल्ड द मर्चंट्स हाऊस'. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

मला वाटलं, सापडला. हा शब्द असूच शकत नाही. टेलर टेल्सचाच प्रकार. संध्याकाळी खोलीवर आलो, चहासुद्धा न घेता ट्रंकेतून डिक्शनरी काढली आणि मास्तरांची चूक दाखवून द्यायची म्हणून पान उघडलं. शब्द होता. बर्गल, क्रियापद. कंसात खूण होती, बोलण्यातला, थट्टेचा. पुढे लिहिलं होतं, बर्गलरवरून मागे जाऊन केलेला. मास्तरांनी जसं सांगितलं तसंच. मी किती वेळ ते पान बघत बसलो कोण जाणे. आनंद व्हायला हवा होता, माझ्या शेजारी असा माणूस शिकवतो म्हणून. मला झाला तो राग. मी पुस्तक मिटून ट्रंकेत टाकलं आणि कोणाला काही बोललो नाही.

इन्स्पेक्टर साहेब यवतमाळहून आले. माझा वर्ग आधी झाला. कविता बरी गेली. साहेब "छान" म्हणाले. मग हेडमास्तर, साहेब आणि रजिस्टरं धरायला मी, असे आम्ही नववीत गेलो. मास्तर उत्तम शिकवत होते. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलाची वही उचलली, चाळली आणि एका पानावर थांबले.

"मास्तर, हे बर्गल्ड काय आहे?"

"क्रियापद हाय सायेब. बर्गलरपासून झालं."

"कुठे आहे असं क्रियापद?"

"म्या पेपरात वाचलं सायेब."

"दाखवा पेपर."

पेपर अडत्याचा. शब्द तळहातावर आला होता आणि आठ दिवसांत धुऊन गेला होता. मास्तरांनी हात थोडासा उघडला, बघितला आणि मिटला. साहेब म्हणाले, डिक्शनरी आणा. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी खोली शाळेपासून दोनशे पावलांवर होती. कोणीही मुलगा पळत जाऊन ट्रंकेतून ती आणू शकला असता. मी म्हटलं, डिक्शनरी माझ्याकडे आहे सर, खोलीवर. साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "राहू द्या. तुम्ही बी.ए. आहात ना, इंग्रजी घेऊन? तुम्हीच सांगा. आहे असा शब्द?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. या सरांना ठाऊक असेल, अशा भरवशाने ते बघत होते.

मी म्हटलं, "माझ्या वाचनात तरी कधी आलेला नाही."

हेच वाक्य, जसंच्या तसं. 'नाही' असंही धड म्हटलं नाही. वाचनात आलेला नाही म्हटलं, म्हणजे उद्या कोणी पकडलं तर निसटता यावं. आठ दिवसांपूर्वी वाचलेला शब्द.

साहेब हसले. "आज बर्गलर बर्गल्स, उद्या डॉक्टर डॉक्ट्स. हेडमास्तर, तुमच्याकडे तांड्यावरचं इंग्रजी चालतं की काय?" हेडमास्तर हसले. मुलं आधी गप्प होती, मग मोठी माणसं हसताहेत म्हणून तीही हसली. मीही हसलो. त्या एका वाक्याची कारणं मी आयुष्यभर शोधली आणि थोडीफार सापडलीही, नोकरी, वय, मत्सर. त्या हसण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. त्याची गरजच नव्हती.

मास्तर म्हणाले, "पाठक सर म्हणतात तं नसन सायेब. यायचं वाचन माह्यापेक्षा मोठं हाय. माह्यीच चूक झाली असन." मग मुलांना म्हणाले, "पोट्टेहो, ते वाक्य काटून टाका." सात वर्षांत त्यांनी त्या वर्गात कोणाला काही काटायला सांगितल्याचं मी ऐकलं नव्हतं. पेनं खरखरली आणि आम्ही बाहेर पडलो.

शेरा महिन्याभरात आला. जागा मला मिळाली. मास्तर गेले ते थेट झरीकडे, रानातल्या एका प्राथमिक शाळेत. तिथे इंग्रजी नव्हतंच. कोलाम आदिवासींची मुलं, त्यांना मराठीच आधी शिकवायची. जाण्याआधी ते माझ्याकडे वर्ग सोपवायला आले. कोणत्या मुलाला काय जमतं, कोण घाबरतो, कोणाला डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून पुढे बसवायचं, सगळं तासभर सांगितलं. त्यांची ती वही त्यांनी मला दिली नाही आणि मी मागितली नाही. उठताना म्हणाले, "कोणी टेलर टेल्स लिहिलं तं मारू नका सर. समजून सांगा." ट्रंक त्यांच्या गुडघ्याला लागून होती. झाकण उघडून पान दाखवायला मला फार तर एक मिनिट लागलं असतं. मी चहा विचारला. ते नको म्हणाले.

नंतर मी पत्र लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, असं काही सांगून तुमच्याकडून थोडी दया उकळता आली असती. तसलं काही केलं नाही. मी कायम झालो, लग्न केलं, एम.ए. झालो, लोक मला हुशार म्हणू लागले. मास्तरांच्या वर्गातल्या मुलांना मी पुढे मॅट्रिकपर्यंत दोन वर्षं शिकवलं. ती त्यांनीच तयार केलेली होती आणि निकाल माझ्या नावावर लागला. त्याबद्दल संस्थेने मला हार घातला होता. मी तो मान खाली घालून घेतला, तर लोकांना तो विनय वाटला.

सहासष्टच्या सुमारास मी कळंबच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट बघत होतो. पलीकडे मास्तर दिसले. पटका तोच, कोट गेला होता, अंगात नुसता सदरा आणि दाढी बरीच पांढरी. चिंतामणीच्या दर्शनाला आले होते दोघं. वहिनी थोड्या अंतरावर गाठोड्यावर बसलेल्या. मी तोंड चुकवून वळणार होतो, पण त्यांनी हाक मारली. "पाठक सर." जवळ आले, दोन्ही हातांनी माझा हात धरला, पोरंबाळं विचारली, शाळेचं विचारलं. अमुक मुलगा काय करतो, तमुक कुठे आहे, सगळी नावं पाठ. त्यांना खरंच आनंद झाला होता. मी वहिनींना नमस्कार केला. त्यांनी डोईवरचा पदर ओढला आणि रस्त्याकडे बघत राहिल्या.

कोलामीत एका शब्दाची गंमत ते मला सांगू लागले, आणि मध्येच थांबले. माझी गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता. मास्तर माझ्याबरोबर गाडीच्या दारापर्यंत आले.

"सर, एक इचारू? राग नका मानू."

"विचारा ना."

"त्या दिवशी, सायेबांपुढं. तो शब्द तुमाले खरंच ठाऊक नव्हता ना?"

मी गाडीच्या दाराचा दांडा धरला. तेच पुढे म्हणाले, "ही म्हणते ठाऊक होता. म्हणते, जेवाले आले तवाच म्या त्यायचे डोळे पाह्यले. आठ वर्सं झाले आमचं यावरून भांडण. म्या म्हणतो, नाही, पाठक सर तसे नाहीत, त्यायले ठाऊक नसन. एवढी मोठी भाषा, सगळे शब्द कोणाले येतात? नव्हता ना?"

आता तरी, असं मनात आलं होतं. देवाशपथ आलं होतं. पण ते इतक्या आशेने बघत होते की मला वाटलं, खरं सांगितलं तर या माणसाचं काहीतरी मोडेल. हेही मी आज म्हणतो. तेव्हा मला फक्त माझीच अब्रू दिसत होती.

"नव्हता," मी म्हटलं.

मास्तरांचा चेहरा उजळला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते अर्धे वळले, वहिनींकडे हात केला आणि मला म्हणाले, "जरा जोरानं सांगा सर, तिले ऐकू जाऊ द्या."

वहिनींनी पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी जोराने सांगितलं.